बोराटी कुणी बाजूला केली

६ जानेवारी २०२५

प्राचार्य सोमशेखर यांनी आज माझ्या गळ्यात धोंड बांधली. धोंडीचं नाव डॉ. रुद्राणी. कॉलेजच्या संशोधन-अंकाचा यंदाचा विषय ‘कायदा आणि इतिहास’, आणि पहिला लेख आम्ही दोघांनी मिळून लिहायचा. मी तीस वर्षं सोलापूरच्या विधी महाविद्यालयात मालमत्तेचा कायदा शिकवतोय. ही बाई गेल्या जूनमध्ये आली. अक्कलकोटची. आधी इतिहासात डॉक्टरेट, मग हौसेखातर कायदा. प्राचार्य म्हणतात, “बंडगर सर, तुमचा अनुभव आणि मॅडमची नवी दृष्टी.” नवी दृष्टी म्हणजे काय, तर मी जे बोलेन त्यावर “असं कशावरून, सर?” म्हणायचं.

आजच विचारलं तिने, “सर, तुम्ही काय मांडणार?”

“धनगरांची पाण्याची वाट. आमच्याच गावची. शंभर वर्षांचा संघर्ष.”

“शंभर वर्षं रोज?”

“म्हणजे?”

“सहज विचारलं.”

त्या ‘सहज’ने माझं डोकं फिरलं. कोर्टात कुणी सहज विचारत नाही.

घरी सुकन्याला सांगितलं तर ती म्हणाली, “चला, तुमच्या डायरीला काम मिळालं.” बायकोचे टोमणे मला कळतात. मी डायरी वकिली शिस्तीने लिहितो. वाद उपस्थित झाला की नोंद, नाही तर पान कोरं. सुखाच्या दिवसांवर शाई कशाला घालवायची?

९ जानेवारी

वाद काय आहे तो एकदा नीट मांडून ठेवतो, म्हणजे लेखाला बरं.

जेऊरच्या पुढे, उजनी धरणाच्या पाण्याकडेला आमची वस्ती. आई आणि धाकटा भाऊ येडू तिथेच राहतात. येडूचं घर मेंढरांवर चालतं. वस्ती आणि पाणी यांच्यामध्ये कुंडलिकचं रान. आमची मेंढरं त्या रानाच्या बांधाने पाण्यावर जायची, माझ्या आज्याच्या काळापासून, तेव्हा धरण नव्हतं, भीमा नदी होती. दोन वर्षांपूर्वी कुंडलिकने वाटेवर तार ओढली. येडू नुसता तोंड बघत बसला. मी नाही बसलो. त्याच आठवड्यात नोटीस धाडली आणि मग येडूच्या नावाने करमाळ्याच्या कोर्टात दावा लावला. तेव्हापासून येडू मेंढरं डांबरी रस्त्याने लांबून पाण्यावर नेतो. मागच्या हंगामात त्याच्या काही मेंढ्या उसाच्या ट्रॉलीखाली गेल्या. दावा हरलो तर त्याला कळप विकावा लागेल. इतकी सरळ गोष्ट आहे.

कायदाही सरळ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता, हक्काने गेलात तर वाट तुमची. पण मालकाच्या परवानगीने गेलात तर शंभर वर्षं गेलात तरी हाती भोपळा. मी मुलांना हे दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. दरवर्षी एखादं पोरगं विचारतं, “सर, म्हणजे न विचारता घुसणाऱ्याला हक्क आणि विचारून जाणाऱ्याला काहीच नाही? मग चांगला शेजारी येडाच की.” मी सांगतो, परीक्षेत असं लिहू नका.

आमचा दावा भक्कम आहे, कारण आमचं वैर जुनं आहे. १९३८ मध्ये माझ्या आज्याने कुंडलिकच्या आज्यावर याच वाटेसाठी दावा लावला. १९८१ मध्ये, धरणाचं पाणी वर आलं तेव्हा, माझ्या वडिलांनी पुन्हा लावला. दोन्ही दाव्यांचे कागद माझ्याकडे आहेत. पहिला तडजोडीने मिटला, दुसरा वडिलांनी काढून घेतला. दोन्ही वेळा आमचे लोक ढिले पडले. या वेळी मी आहे. लेख छापून आला की आमचा वकील मृत्युंजय तो युक्तिवादाला जोडणार. माझाच विद्यार्थी आहे तो. समोरच्या बाजूचा शहाजीही माझाच विद्यार्थी, पण त्याला मी दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे.

१७ जानेवारी

स्टाफरूममध्ये भडका उडाला.

रुद्राणीने दोन्ही दाव्यांचे कागद वाचून काढले होते, तेही अगदी पेन्सिलीच्या खुणा करकरून. म्हणाली, “सर, १९३८ ते १९८१. मध्ये काय झालं?”

“काहीच नाही. एकही दावा नाही.”

“दावा नाही म्हणजे काहीच झालं नाही?”

“कायद्याच्या दृष्टीने नाही.”

“पण सर, कोर्टाच्या कागदात फक्त भांडलेले दिवस सापडतात. मेंढरं गुपचूप पाणी पिऊन घरी आली, त्या दिवसाची नक्कल कुठल्याच कोर्टात मिळायची नाही. आणि आपण त्या तीन भांडणांना रेघ जोडून शंभर वर्षांचा संघर्ष म्हणतोय.”

“ज्याची नक्कल मिळत नाही ते सिद्ध होत नाही.”

“सिद्ध होत नाही, पण झालेलं असतं ना.”

बाकीचे चहा प्यायचं सोडून ऐकत होते. मी तिला स्पष्ट सुनावलं. इतिहास हा कायद्याच्या दारातला साक्षीदार आहे. पुकारा झाला की आत यायचं, विचारलं तेवढं सांगायचं आणि बाहेर बाकावर जाऊन बसायचं. साक्षीदाराने वकिली करायची नसते. ती हसली. राग आलेल्या माणसासमोर हसणाऱ्यांचा मला फार संताप येतो. जिना उतरताना माझा गुडघा लचकला तोही या बाईमुळेच, रागात पायरी दिसली नाही.

३ फेब्रुवारी

मधले दिवस तसेच गेले. गुडघ्यामुळे गाडी चालवता येत नाही, म्हणून कॉलेजातून जुळे सोलापूरला घरी रुद्राणी सोडते स्कूटरवरून, तिला तिकडूनच जायचं असतं. एकदा नवी पेठेत थांबून माझ्या गुडघ्याचा पट्टा तिनेच घासाघीस करून घेतला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आज घडलं. आईचा फोन आला, खुशीत.

“बिभीषणा, तुज्या कालेजातली पोर आलती काल. लई गोड पोर हाय रं. रेल्वेनं आली जेऊरला, तितनं चालत. म्या म्हनलं जेव, तर लाजली न्हाय, दोन भाकरी खाल्ल्या.”

“कोण पोर?”

“रुद्राणी की! दिसभर बसली. समदं इचारलं तिनं. बजाबाईचं, मेंढरं बसवायचं, तुज्या बापाचं. म्या समदं सांगितलं. कुनी इचारतच न्हाय बाबा आता.”

बजाबाई म्हणजे कुंडलिकची आई, चार-पाच वर्षांपूर्वी वारली. दावा चालू असताना आमच्या मुख्य साक्षीदाराच्या तोंडून ही बाई ‘समदं’ काढून घेते, मला न विचारता! मी तिच्या घरी गेलो नाही हेच तिचं नशीब. फोनवर जेवढं बोलायचं तेवढं बोललो. ती म्हणाली, “सर, मी रविवारी निघताना तुम्हाला मेसेज टाकला होता.” असेल टाकलेला. मी तिचे मेसेज वाचत नाही.

४ फेब्रुवारी

आज समोरासमोर. मी म्हटलं, रेकॉर्डिंग पुसून टाका. ती म्हणाली, “पुसणार नाही, सर. आजींनी इतक्या आपुलकीने सांगितलंय. पण तुमच्या परवानगीशिवाय वापरणारही नाही.” आणि मग हळूच, “तुम्ही एकदा ऐका तरी. तुमच्या जन्माच्या वेळचं आहे त्यात. बजाबाई उन्हातान्हाची—”

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. पक्षकाराने साक्षीदाराच्या गप्पा ऐकायच्या नसतात, मन ढिलं पडतं. सरळ प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. प्राचार्यांना कुणालाच दुखवायचं नसतं. त्यांनी निवाडा दिला की दोघांनी वेगवेगळे लेख लिहावेत. म्हणजे धोंड सुटली. संध्याकाळी रिक्षाने घरी आलो. तिने गेटपाशी स्कूटर थांबवली होती, मी बघितलं नाही असं केलं.

२३ फेब्रुवारी

गावी जाऊन आलो. आईचं साक्षीचं शपथपत्र तयार होतं, मीच मसुदा केलेला. ओट्यावर बसून तिला वाचून दाखवलं. “वादीच्या कुटुंबाने सदर वाटेचा उपभोग प्रतिवादी वा त्याच्या पूर्वहक्कदारांच्या परवानगीविना, उघडपणे, निर्वेधपणे व हक्काने घेतला आहे.” आई मान डोलवत होती, कीर्तन ऐकावं तशी.

“ह्यात बजाबाईचं नाव हाय का?” तिने विचारलं.

“आहे.” होतंही. पूर्वहक्कदार, म्हणजे आधीची मालकीण, म्हणून.

“मग झालं. तू शिकलेला, तुला कळतंय. कुटं उठवायचा अंगठा?”

अंगठा झाला. निघताना येडू गोठ्यापाशी आडवा आला. म्हणाला, “दादा, म्या एकदा कुंडलिकशी बोलू का? परवा बाजारात दिसला. त्यो बी थांबला, म्या बी थांबलो. दोघं बी काय बोललो न्हाय.”

मी त्याला झापलं. म्हटलं, तू एक शब्द बोललास की शहाजी त्याची कबुली करून कोर्टात उभी करेल. येडू म्हणाला, “उन्हाळा आलाय, दादा. कोकरं डांबरावर चालत न्हायती.” त्याला वाटतं मला कोकरं दिसत नाहीत. मला त्याच्या नातवंडांची कोकरं दिसतात. हक्क एकदा मिळाला की कुणाचं तोंड बघावं लागणार नाही. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तोंडंच बघितली आहेत. कायदा शिकलो तो त्यासाठीच.

१० मार्च

अंक छापून आला. माझा लेख पहिला, ठसठशीत. रुद्राणीचा शेवटी. तिचा वाचून अंगाचा तिळपापड झाला. सगळं लिहून झाल्यावर ही बाई लिहिते: “या वाटेबद्दल माझ्याकडे आणखी माहिती आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने आणि ती एका कुटुंबाची असल्याने मी ती इथे देत नाही. इथे एक रिकामी जागा आहे एवढंच वाचकाने ध्यानात ठेवावं.”

रिकामी जागा! म्हणजे माझ्या लेखाकडे बोट दाखवून जगाला सांगायचं की इथे काहीतरी लपवलंय. सरळ विरोधात लिहिलं असतं तर परवडलं असतं. सुकन्याने दोन्ही लेख वाचले आणि म्हणाली, “तिने तर तुम्हाला सांभाळून घेतलंय की हो.” हिला कायदा कळत नाही.

२१ एप्रिल

आजच लिहितो. नोंद व्हायलाच हवी.

करमाळ्याला कोर्टात आईची साक्ष. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. शपथपत्र दाखल झालं, शहाजी उलटतपासाला उठला. मला वाटलं होतं चढ्या आवाजात सुरुवात करेल. तो माझ्याकडे बघून नमस्कार करून मग आईकडे वळला. फारच अदबीने बोलत होता.

“आज्जी, बजाबाईंना ओळखत होता का?”

“वळखत म्हंजी? आमी दोघी एकाच साली लगीन हून आलो.”

“तुमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची?”

“दर साली. सुगी झाली की बजाबाई सोता यायची वस्तीवर, ‘म्हाळसा, यंदा आदी माज्या रानात’ म्हनून. मेंढरांच्या लेंड्यांनी रान कसं पिकतं, ठावं हाय का तुला? आमाला जवारी द्यायची, वर सुपात गूळ.”

“आणि पाण्यावर जायची वाट? रानाच्या तोंडाला काय असायचं?”

“बोराटी असायची की. बोरीची काटेरी फांदी, आडवी.”

“ती बोराटी कोण बाजूला करायचं, आज्जी?”

मी मृत्युंजयकडे बघितलं. तो उठला, हरकत घेतली, ती फेटाळली गेली. आई सगळ्यांकडे अभिमानाने बघत होती. जणू तिला आयुष्यभर हाच प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटत होतं.

“बजाबाई. आमी भाईर हुबं ऱ्हायचो, हाक मारायचो. ती हातातलं काम टाकून यायची आन्‌ आपल्या हातानं बोराटी बाजूला करायची. तिनं ‘या’ म्हनल्याबिगर आमच्या मेंढरानं आत पाय टाकला न्हाय. एक दिस बी न्हाय. आमी काय चोर हाय व्हय?”

शहाजी म्हणाला, “बस, आज्जी,” आणि खाली बसला. मीच शिकवलं होतं त्याला, हवं ते मिळालं की खाली बसावं.

दावा तिथेच संपला होता. परवानगी! स्वतःच्या तोंडाने, छाती पुढे काढून! मृत्युंजय माझ्याकडे वळला आणि कुजबुजला, “सर, फितूर घोषित करायला परवानगी मागू का?” मी ‘माग’ म्हणून मान हलवली. काय करणार होतो? साक्षीदार उलटला की हाच मार्ग असतो. कागदाच्या चिटोऱ्यावर मी त्याला तीन-चार प्रश्नही लिहून दिले, कारण त्याला सुचत नव्हतं.

न्यायाधीशांनी परवानगी दिली. आईने विचारलं, “सायेब, फितूर म्हंजी काय?”

न्यायाधीश चांगले होते. म्हणाले, “म्हणजे, आजी, ज्यांच्या बाजूने तुम्ही आलात त्यांच्या विरुद्ध तुम्ही बोललात, असं त्यांचं म्हणणं आहे.”

“म्या कुनाच्या इरुद्ध बोलले? म्या बजाबाईचं बोलले.”

मग मृत्युंजयने माझे प्रश्न विचारले. वयोमानाने तुमची स्मरणशक्ती कमी झाली आहे, हे खरं आहे का? प्रतिवादीने तुम्हाला फूस लावून खोटं बोलायला लावलं, हे खरं आहे का? त्याचा आवाज खाली खाली जात होता. आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“चिठ्ठी तुज्या हातनं गेली, बिभीषणा,” ती म्हणाली. “म्या बघितली.”

स्टेनोने विचारलं, हे घ्यायचं का? न्यायाधीश म्हणाले, नको.

बाहेर लिंबाखाली कुंडलिक उभा होता. आमच्यासोबत शाळेत होता हा. मला वाटलं हसेल. त्याचे डोळे लाल होते. आईला म्हणाला, “मावशी, आईचं नाव लई दिसानं कुनी घेतलं. चला, जीपनं सोडतो. ह्या उन्हात एस्टीनं नका जाऊ.” आणि आई त्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. येडूही बसला. वादी आणि वादीची साक्षीदार प्रतिवादीच्या जीपमधून घरी गेले, आणि कोर्टाच्या दारात मी एकटा.

जीप सुरू करता करता कुंडलिक मला म्हणाला, “बिभीषण, वाट म्या बंद केलीच न्हवती. केळीची रोपं बारकी हुती म्हनून तार लावली, दोन-तीन महिन्यांसाठी. येडू इचारंल, मग सांगावं म्हनलं. येडूच्या आदी तुजी नोटीस आली. मग म्या म्हनलं, असं असंल तर कोर्टातच बघू.”

आता सांगतोय! हे नोटिशीच्या उत्तरात का नाही लिहिलं? मी विचारणार होतो, पण जीप गेली होती.

२३ एप्रिल

बोराटीचा प्रश्न शहाजीला कुणी दिला, हे उघड आहे. दिवसभर वस्तीवर बसून कुणी ‘समदं’ ऐकलं होतं? कॉलेजात जाऊन सर्वांदेखत रुद्राणीला विचारलं. आवाज चढला असेल माझा. म्हटलं, “माझ्या आईला कोर्टात फितूर व्हावं लागलं ते तुमच्यामुळे.”

ती पांढरी पडली. पण बोलली शांतपणे, “सर, कुंडलिक बजाबाईंचेच चिरंजीव आहेत. बोराटी त्यांच्या दारातली. त्यांना माझी काय गरज?”

ती पुढे म्हणाली, “आणि आजी फितूर झाल्या नाहीत, सर. त्यांना केलं.”

एवढं बोलून वर्गावर गेली. मी तिच्याविरुद्ध दुसरी तक्रार लिहायला घेतली. दोन ओळी झाल्या, पुढचं जुळेना. कागद खिशात घालून घरी आणला, तिथेच आहे.

२ मे

येडूचा फोन. दावा काढून घ्यायचा म्हणतोय. वडिलांसारखाच ढिला. मी म्हटलं, निकाल विरुद्ध गेला तरी अपिलात जाऊ, जिल्हा न्यायालयात अजून चांगली बाजू मांडता येईल. तो म्हणाला, “दादा, वकीलपत्रावर सही माजी लागंल न्हवं? म्या न्हाय करत.” मग घाईघाईने म्हणाला की तार निघाली, मेंढरं रोज पाण्यावर जातात. मी विचारलं, कुंडलिकने काही लिहून दिलं का? तो हसायला लागला. लिहून काय द्यायचं, म्हणे.

हेच ते! लेखी काही नाही, हक्क काही नाही, उद्या त्याची मर्जी फिरली की पुन्हा डांबरी रस्ता. हे फक्त मलाच दिसतं.

आईला फोन दे म्हटलं. “ती भाईर गेलीय,” येडू म्हणाला. मागून तिचा खोकला ऐकू आला.

५ मे

रुद्राणीने न बोलता टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला. “आजींचं आहे. तुमच्याकडे असावं.” मी कपाटात टाकला. मग काढला. सुकन्या झोपायच्या आधी आम्ही दोघांनी ऐकला.

आई बरंच बोलते त्यात. माझ्या जन्माच्या वेळी बजाबाई उन्हातान्हाची सुईण आणायला धावली ते आहे, आणि १९८१ चा दावा वडिलांनी का काढून घेतला तेही. धरणाचं पाणी वर आलं तेव्हा नव्या बांधावरून पुरुष भांडले, कोर्टात गेले. महिनाभराने बजाबाई वस्तीवर आली आणि दारात बसून राहिली. म्हणाली, बापे भांडू देत, मला मेंढरं पाहिजेत, रान उपाशी आहे. उठेचना. शेवटी वडील तालुक्याला गेले. आई हे सांगताना इतकी हसते की पुढचं नीट ऐकू येत नाही. मधेच रुद्राणीही हसते.

सुकन्या डोळे पुसत होती. मला मात्र राग येत होता, कुणावर ते ठरवता येईना. माझ्या छापील लेखात १९८१ च्या पुढे मी लिहिलंय: “वादीपक्षाने दडपणाखाली माघार घेतली.” वर तळटीपही दिली आहे.

११ मे

गावी जाऊन आलो. नोंद करतोच, वाद नसला तरी. होता म्हणा, माझ्यापुरता.

आईने पाणी दिलं, भाकरी दिली, बोलली नाही. दुपार कलल्यावर येडू मेंढरं घेऊन निघाला तेव्हा ती काठी घेऊन उठली आणि मला म्हणाली, “चल.” वीस दिवसांतला तिचा माझ्याशी पहिला शब्द.

कुंडलिकच्या रानाच्या तोंडाशी आलो. तारेचे खांब उपटलेले. पलीकडे केळी माणसाच्या वर गेलेल्या, रोपं बारकी असल्याची गोष्ट खरीच असणार. आणि तोंडाला, मला वाटलं होतं मोकळी वाट असेल, तर आडवी बोराटी. ताजी तोडलेली, पानं अजून हिरवी. मेंढरं तिच्यापाशी येऊन आपोआप थांबली. पाण्याचा वास त्यांना लागला होता, ओरडत होती, पण एकही पुढे घुसत नव्हतं.

“हाक मार,” आई म्हणाली.

“येडू मारेल की. रोज तोच मारतो ना?”

“तू मार. कोर्टात तू गेलतास.”

मी उभा राहिलो. या हाकेचा अर्थ त्या रानात माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. मालक हजर, साक्षीदार हजर आणि परवानगी मागणारा स्वतः कायद्याचा प्राध्यापक. ‘येऊ का’ म्हटलं की संपलं. अपील नाही, वीस वर्षं नाही, येडूच्या नातवंडांना काही नाही. परत कुणाचं तरी तोंड बघायचं. तीस वर्षं फळ्यावर मी हेच लिहिलं होतं की विचारणाऱ्याला हक्क नसतो. आई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. तिने मला फक्त एवढंच करायला आणलं होतं, आणि हे मी केलं नाही तर ती पुन्हा बोलणार नाही, हेही मला दिसत होतं.

“कुंडलिक,” मी म्हटलं, “येऊ का आत?”

“मोट्यानं,” आई म्हणाली. “बजाबाईला ऐकू जावी आशी.”

मोठ्याने मारली. घसा दुखेल इतक्या मोठ्याने. केळीतून आवाज आला, “आरं ये की! इचारतोस काय?” आणि कुंडलिक विळा हातात घेऊन आला, विळा खाली ठेवला, आणि त्याने बोराटी उचलून बाजूला केली.

मेंढरं माझ्या पायांना घासत आत गेली. त्यांच्यामागे येडू, आणि त्याच्यामागे आई, माझ्याकडे न बघता. मी तोंडाशीच घोटाळत होतो. ती थोडं पुढे जाऊन थांबली.

“हितं काय करतोस?” ती म्हणाली. “बोराटी लावून घे मागनं, आन्‌ चल.”

मी लावून घेतली. काटा बोटात गेला तो अजून तिथेच आहे. सुकन्या सुई घेऊन बसली आहे, म्हणते डायरी ठेवा.